निळी चिंधी

शाळेच्या स्वयंपाकघरात बारा वर्षं वाढायचा डाव माझ्या हातात होता. साथ आली, शाळा बंद झाली, आणि तिथंच उपाशी वस्तीसाठी फुकट जेवण शिजायला लागलं. मी तेव्हा नेमकी आजारी. बरी झाले तरी भीतीनं कुणी आत घेईना. माझ्या जागी दुसरीच आली. आज लेकीला घेऊन मीही रांगेत उभी राहिले. दोन दिवस चूल पेटली नव्हती, पण भुकेपेक्षा जळफळाटच जास्त. त्या दुसरीच्या हातात माझाच डाव! दांडा तापतो म्हणून मी गुंडाळलेली निळी चिंधीसुद्धा तशीच. “ताई, डबा धरा,” म्हणत तिनं काठोकाठ भरला. “मीठ कमी असणार बघ,” पायरीवर बसताना पुटपुटले. लेक बोटं चाटत होती. “आई, शाळा उघडल्यावरसुद्धा ह्याच असतील का गं?” मी घास तोंडात घातला. मेलीच्या हाताला चव होती.