दोन हजार पाचशे एकवीस

भाग जात नव्हता.

धरण फुटून खालचं गाव बुडालं, त्यात मेलेली माणसं दोन हजार पाचशे एकवीस. प्रत्येकाला एक दगड, दगडावर नाव, आणि भिंतीच्या सगळ्या ओळी सारख्या, असा वरून हुकूम. आर्किटेक्ट बाईने दोनापासून पन्नासापर्यंत सगळे आकडे लावून पाहिले. एकही बसेना. संख्या मूळ निघाली. हट्टी म्हातारीसारखी, कुणाच्याच वाट्याला न जाणारी.

शेवटी एकच दगड वेगळा ठेवू, असं तिने साहेबांना सुचवलं. ते म्हणाले, पडायला आलेल्या दातासारखा दिसेल. बरं, ओळ भरायला कोरे दगड लावू, ती म्हणाली. त्यावर साहेब हसले. लोक विचारतील, आता आणखी कोणाची वाट बघताय?

मग तोड त्यांनीच काढली.

"एक कमी करून बघा, मॅडम."

दोन हजार पाचशे वीस. दोनाने भाग जातो, तिनाने जातो, चाराने, पाचाने, थेट दहापर्यंत कोणाची तक्रार नाही. साठ-साठच्या बेचाळीस ओळी, जशी काही कवायत. एक माणूस पुसला की आकडा कसा शहाण्यासारखा वागायला लागतो.

कोणाला पुसू, असं तिने विचारलं.

"मागे रडणारं कोणी नाही असा बघा एखादा. बोंब होणार नाही."

तसा एक होता. पुलाखाली झोपणारा हमाल, ना आगा ना पिछा. तिने त्याच्या नावावर पेन टेकवलं आणि उचललं. या दगडाशिवाय त्याचं होतं कोण? जिवंतपणी जिथे तिथे त्यालाच उठवलं, आता मेल्यावरही त्यालाच उठवायचं? बुडालेल्यांत तिचा सख्खा भाऊही होता. त्याच्यासाठी झुरायला निदान आई होती, ती स्वतः होती. तिने दादाचं नाव खोडलं. आईला सांगायची हिंमत मात्र झाली नाही.

उद्घाटनाच्या दिवशी आई भिंतीपाशी गेली आणि नावांवरून बोट फिरवायला लागली. नावं अक्षरांच्या क्रमाने होती. बोट एका जागी थांबलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं.

"तुझा दादा कुठाय गं?"

तेव्हा तिने सगळं सांगितलं. मूळ संख्या, ओळी, हमाल. गणित कुठेच चुकलं नव्हतं, तरी बोलता बोलता तोंड कडू होत गेलं. आईने ऐकून घेतलं.

एवढ्यात टाळ्या वाजल्या. भिंतीच्या उजव्या अंगाला, ओळींच्या बाहेर, पडदा सरकला. तिच्या आराखड्यात नसलेला एक दगड तिथे बसवला होता. बाकीच्यांच्या चौपट, सोनेरी अक्षरांचा. त्यावर उद्घाटनाला आलेल्या मंत्र्यांचं नाव.

आई त्या दगडापुढे जाऊन उभी राहिली. नाव सावकाश वाचलं. मग मागे वळून, खुर्च्यांवरच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात लेकीला म्हणाली,

"हा कुठल्या गल्लीत बुडाला गं?"