पसारा

शेवटचा बोल्ट चार टनांवरच तुटला, तेव्हा अन्नपूर्णाने यंत्र बंद केलं.

"सरासरी किती?" श्रीनिवासरावांनी विचारलं. सासऱ्यांचा बेळगोळला बोल्टचा छोटा कारखाना, सून म्हैसूरच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारी. त्यामुळे तपासणी घरच्या घरी उरकायची.

"साडेआठ."

"मागितलेत सहा. मग झालं तर! शितावरून भाताची परीक्षा, अल्लवा, हो ना?"

"भात एका भांड्यात शिजतो, मामंजी. बोल्टची ताकद तो तुटेपर्यंत एक ठरावीक आकडा नसतेच. चारही असेल, बाराही. आणि तोडून पाहिलेला बोल्ट आकाशपाळण्याला लावता येत नाही."

सरासरीने श्रीनिवासरावांचं आजवर काही वाकडं केलं नव्हतं. ते उरलेल्या बोल्टांच्या पोत्याचं तोंड बांधू लागले. याच बोल्टांवर जत्रेतल्या आकाशपाळण्याच्या खुर्च्या लटकणार होत्या.

तेवढ्यात पाळण्याचे मालक येसाजीराव माल न्यायला आले. जत्रा उद्यापासून होती.

"हे नेऊ नका," ती म्हणाली. सरासरीभोवती आकडे किती विखुरलेत, तो 'स्प्रेड' तिने कायम इंग्रजीतच शिकवलेला. मराठी शब्द शोधताना घरातलाच जिभेवर आला. "यांचा पसारा फार मोठा आहे."

येसाजीरावांनी जमिनीवरचा लोखंडाचा कीस पाहिला, आडवे पडलेले तेलाचे डबे पाहिले. "कारखाना म्हटला की पसारा असणारच, अम्मा. होगली बिडी, जाऊ द्या."

"तो पसारा नव्हे हो! आत्ता एक चार टनांवर तुटलाय."

"तोडायलाच बसलं तर तुटणार नाही का?" श्रीनिवासराव हसले. येसाजीरावही हसले. त्यांचा या कारखान्यावर फार भरवसा.

"उद्या तुमच्या लेकीला पाठवा," ते अन्नपूर्णाला म्हणाले. "पहिल्या फेरीला माझ्या दोघी पोरी बसतात. बघून लोकांना धीर येतो. तिसरी तुमची वनजा."

अन्नपूर्णाने सासऱ्यांकडे पाहिलं. "पाठवू का, मामंजी?"

श्रीनिवासरावांचे हात दोरीवर थांबले. "वनजाला नको," ते पुटपुटले. "तिला... चक्कर येते."

वनजाला जन्मात कधी चक्कर आली नव्हती.

येसाजीरावांनी पोतं उचलायला हात घातला. अन्नपूर्णाने ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

"सोडा, अम्मा," ते हसत म्हणाले, "आमच्या पोरींना नाही येत चक्कर."