ड्रमवरचा ठिपका

प्रिंटरमधून पहिलं पान बाहेर आलं आणि मृदुलानं ते उजेडात धरलं. अक्षरं ठसठशीत होती, पण कडेला एकाखाली एक तोच ठिपका उमटला होता. पानावर अक्षरं उमटवणाऱ्या फिरत्या ड्रमवरच्या नव्या लेपाला फोड आला असणार.

उष्ण, दमट हवेत टिकेल असा लेप तिला हवा होता. आधीचे दोन ड्रम तशी हवा भरलेल्या चाचणीच्या पेटीतच खराब झाले होते. हाही गेला तर काम बंद, असं वरून कळवलं होतं.

सकाळी खंडेनवमीला लॅबमधल्या सगळ्या यंत्रांची पूजा झाली. पेटीतून काढलेला हा तिसरा ड्रम मात्र उजेड लागू नये म्हणून विभागप्रमुख ठाकूरदेसाई सरांच्या कपाटात कुलूपबंद होता. सर पूजेला फिरकलेही नाहीत. “हळदकुंकवानं लेप टिकत नसतात,” म्हणाले.

पूजेनंतर त्यांनीच ड्रम काढून दिला होता. आता तिनं पान त्यांच्यापुढे धरलं. “सर, लेप गेला बहुतेक.”

“छे गं, कुंकू लागलं असेल,” पानाकडे नीट न बघताच ते म्हणाले. “ड्रम काढ आणि हलक्या हातानं पूस.”

मृदुला ड्रम काढायला वळली आणि थबकली. पूजेच्या वेळी ड्रम तर कपाटात होता. आणि कपाटाची किल्ली एकट्या सरांकडे होती.