नडगीवरच्या पट्टीला उत्तर

केळुसकरांच्या नडगीवरच्या पट्टीने त्यांना पत्र पाठवलं होतं आणि त्याचं उत्तर अजून गेलं नव्हतं. जखम स्वतःच तपासणाऱ्या अशा हुशार पट्ट्या एरवी रुग्णाशी दिवसभर बोलत. पण निवृत्त ग्रंथपाल केळुसकरांना स्वतःच्या पायाशी बोलायची लाज वाटे, म्हणून 'जे असेल ते टपालाने कळवावे' अशी त्यांनी तिला विनंती केली होती. तिने कळवलं, 'जखम कातडीवर असली तरी मूळ रक्तातल्या बिघाडात दिसतं. नुसत्या मलमावर राहिल्यास ती पसरत जाईल. अस्थिमज्जा तपासायला लेखी संमती द्यावी.'

संमतीला त्यांची ना नव्हती. अडलं होतं ते मायन्यापाशी.

"साष्टांग नमस्कार लिहावा, तर तीच माझ्या पायाशी," ते पत्नीला म्हणाले.

"अहो, मान खाली घाला आणि हो म्हणा," कुमुदताई म्हणाल्या.

"लेखी विचारलंय तिने."

"जखम रुपयाएवढी होती, ती पुरीएवढी झाली. मायना सुचेपर्यंत पाय तरी राहू दे. वय काय तिचं?"

"चैत्रात कारखान्यातून निघाली."

"म्हणजे आपल्या नातीहून लहान. चिरंजीव लिहा."

केळुसकरांचा चेहरा उजळला. 'चि. पट्टीस अनेक आशीर्वाद. संमती आहे,' असं लिहून ते लंगडत कोपऱ्यावर गेले आणि पत्र पेटीत टाकलं.

तेव्हा नडगीवरून पहिल्यांदाच बारीक आवाज आला, "पाय वाचवायला अजून उशीर झालेला नाही, आजोबा."