उरकूयाच्या हातची काडतुसं

"आणि काडतुसं?" ओरोझालीने गाडीची डिकी दुसऱ्यांदा चाचपली. पिठाचं पोतं, साखर, चहा, लोकरी मोजे. लाल खोका कुठेच नव्हता.

"नाही मिळाली, बाबा," नाझगूल म्हणाली. "दुकान बंद आहे. परवाने तपासतायत म्हणे. पुढच्या खेपेला आणीन."

"अगं, पण उद्या गुरुवार!"

"मग? पेटीभर पडलीत की घरात, उरकूयाकाकूंनी भरलेली. गावाला सांगत फिरता ना, कारखान्याचं काडतूस म्हणजे खानावळीची लापशी आणि वहिनींच्या हातचं म्हणजे घरचं जेवण? मग जेवा की घरचं!"

लेक हसली, चहा प्यायली आणि अंधार पडायच्या आत शहराकडे निघून गेली. तिच्या गाडीची धूळ बसली तरी ओरोझाली अंगणातच उभा होता. मग तो घोड्याला म्हणाला, "ऐकलंस? घरचं जेवा म्हणे." आठवडाभर तो घोड्याशीच बोलत असे. दुसरं होतं कोण?

उरकूयाचा नवरा जापार हा त्याचा शिकारीतला जोडीदार. जापारने उभ्या जन्मात दुकानाचं काडतूस विकत घेतलं नाही. पितळी नळकांडी पुन्हा पुन्हा भरायची. बंदुकीची दारू तो मोजायचा, छर्रे आणि दाबलेल्या लोकरीची चकती उरकूया बसवायची, आणि ओल शिरू नये म्हणून दोन्ही टोकांना मेणही तीच लावायची.

जापार गेला. त्या हिवाळ्यात ओरोझाली तिच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. त्याची बायको जाऊनही बरीच वर्षं झाली होती, पण अशा वेळी काय बोलतात ते त्याला आठवेना. शेवटी तोंडातून निघालं ते एवढंच, "वहिनी, कारखान्याची काडतुसं काही कामाची नसतात. जापारची रिकामी नळकांडी असतील, तर भरून द्याल का?"

उरकूयाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "देईन," ती म्हणाली. "गुरुवारी या."

गुरुवारी तिने रुमालात बांधून काडतुसं दिली. सरोवरावर पोचल्यावर त्याने एक बंदुकीत घातलं आणि लगेच बाहेर काढलं. मेणावर तिच्या अंगठ्याचा ठसा होता. रेघ न् रेघ उमटलेली. बार काढला की तो ठसा गेलाच. त्याने रुमाल छातीशी, कोटाच्या आत ठेवला आणि लाल खोक्यातली काडतुसं काढली.

तेव्हापासून हेच चाललं होतं. बदकं पडायची लाल काडतुसांनी, आणि उरकूयाची जायची पेटीत.

गुरुवारी ती जापारच्या नावाने तेल तापवून बोर्सोक, म्हणजे कणकेचे छोटे तुकडे, तळायची. त्या वासाने गेलेल्याचं पोट भरतं. घोड्याच्या टापा ऐकल्या की पीठभरल्या हातांनीच ती फाटकाशी यायची आणि म्हणायची, "शिराल्गा, भावजी!"

शिकारीहून परतणाऱ्याला कुणी शिराल्गा म्हटलं, की त्याचा वाटा द्यावाच लागतो. ओरोझाली खोगिराचं बदक सोडायचा.

"घ्या वहिनी. तुमच्याच काडतुसाची कमाई."

"आणि रिकामी नळकांडी?"

"लव्हाळ्यात पडली. सापडली नाहीत."

"तुमच्यासारखा हरवणारा शिकारी नाही पाहिला बाई! ह्यांनी पोतंभर मागे ठेवलीत म्हणून बरं."

मग चहा, गरम बोर्सोक आणि तासभर गप्पा. आठवड्यातला तेवढाच एक तास. आपली काडतुसं हा वापरतच नाही हे तिला कळलं, तर ती भरायचं थांबवील. मग विधवेच्या दाराशी कोणत्या निमित्ताने जायचं? गावाला डोळे होते आणि जीभही होती.

म्हणून त्या गुरुवारी पहाटे त्याने पेटी उघडली. मेण जरा तडकलेली दोन काडतुसं निवडली आणि खिशात टाकली. "माफ करा, वहिनी," तो पुटपुटला.

सरोवरावर धुकं होतं. बदकं उठली, अगदी डोक्यावरून. त्याने चाप ओढला. टक्. दुसरा ओढला. टक्. पंखांचा आवाज दूर गेला आणि पाणी पुन्हा निपचित झालं.

परतताना तो मनाशी ठरवत होता. काडतूस पेटलं नाही म्हणावं, तर तिच्या हाताला बोल लागतो. त्यापेक्षा नेम चुकला म्हणू. म्हातारा झालो म्हणू.

फाटकाशी ती उभी होती. "शिराल्गा, भावजी!"

"आज काही नाही, वहिनी. नेम चुकला."

उरकूयाने रिकाम्या खोगिराकडे पाहिलं. "नेम? दर गुरुवारी मी कढई चढवते आणि सरोवरावरून बार ऐकू येतात. आज एकही आला नाही. बार झालाच नाही, तर नेम कसा चुकला?"

ओरोझालीने टोपी काढली, पुन्हा घातली. "पेटीत ओल शिरली असेल. चूक माझीच. तुमच्या हाताचा काही दोष नाही."

 तिने हातावरचं पीठ झटकलं आणि फाटक पुरतं उघडलं.

"म्हणजे आज पहिल्यांदा माझं काडतूस बंदुकीत घातलंत म्हणायचं," ती म्हणाली. "परवाना ह्यांच्या नावाचा होता; ह्यांना जाऊन चाळीस दिवस व्हायच्या आतच पोलीस बंदूक आणि सगळी दारू घेऊन गेले, भावजी. पहिल्या गुरुवारपासून मी छर्ऱ्यांखाली चुलीतली राख भरतेय."