नाव तेवढं वाचू नका

"घर घ्या, पण नाव तेवढं वाचू नका," आजी पुन्हा म्हणाली.

पाळक प्यो हसले. कोरियातल्या सुनचनच्या त्या चर्चमध्ये कुणी पोतंभर तांदूळ दिला तरी देणाऱ्याचं नाव रविवारच्या पत्रकात छापायचे आणि वेदीपाशी उभं राहून मोठ्याने वाचायचे. लोक तर त्या वाचनासाठीच कान टवकारून बसत. आणि ही बाई आपल्या मागे अख्खं घर चर्चला देणार नि वर तोंड लपवणार, म्हणजे कमालच झाली!

"पिल-न्यो आजी, चोरीबिरी केलीय की काय?" त्यांनी चेष्टा केली.

"मुलगा आहे ना ब्राझीलला. त्याच्या कानावर गेलं तर माझं काही खरं नाही."

"वा रे वा! इतकी वर्षं आईची विचारपूस नाही, आणि घर म्हटलं की धावत येईल होय? येऊ दे, मी बघतो त्याला. पण मृत्युपत्र वकिलासमोर करू या हं, आजी."

"नको बाई! चार माणसांत हात थरथरतो माझा."

मग तिने घरीच, स्वतःच्या हाताने सगळं लिहिलं आणि खाली नावाचा शिक्का मारला. तिथल्या कायद्याला तेवढं पुरतं. अट एकच घातली: मागच्या अंगणात किमचीच्या लोणच्याचे रांजण पुरलेत, ती जमीन कधी खणायची नाही.

"जुने रांजण आहेत," ती म्हणाली, "जागचे हलवू नका."

पाळकांना गहिवरून आलं. नाव वाचणार नाही, असं वचन त्यांनी दिलं.

पण जित्याची खोड! रविवारी देणगीदारांची नावं वाचता वाचता त्यांना राहवलं नाही. "आणि मूळच्या हेनामच्या आपल्या सो पिल-न्यो आजी! यांनी तर घरच देवाला दिलंय!"

"आमेन!" सगळं चर्च दणाणलं. समोर कॅमेरा चालू होता. परदेशी गेलेली गावची माणसं दर रविवारी तिकडून ही उपासना बघत.

आजीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"काय हे, आजी! एवढं मोठं काम केलंत आणि रडता काय?" शेजारची बाई म्हणाली.

त्या दिवसापासून दारापाशी स्कूटर थांबली की ती न्हाणीघरात जाऊन कडी लावायची. गाव सोडून जावं, असंही एकदा मनात आलं. पण घर रिकामं टाकायचा धीर तिला झाला नाही.

आणि एका रविवारी तो आलाच. पिकल्या केसांचा, उन्हाने रापलेला माणूस शेवटच्या बाकावर बसला होता. चर्चमधल्या एकेका म्हातारीचा चेहरा तो निरखत होता. त्याची नजर आजीवरून सरकून पुढे गेली. प्रार्थना संपायच्या आतच ती उठली आणि घर गाठून तिने दार लावून घेतलं.

दुपारी पाळकांची हाक आली. "आजी, दार उघडा. ग्वांग-सिक आलाय."

"घालवा त्याला!"

"अहो, घर नकोय त्याला. तसं लिहून द्यायलाही तयार आहे. रुसून गेला होता पोर, मग पत्रं टाकली, ती सगळी परत आली. त्याला नुसती आई हवीय. बाहेर ढसाढसा रडतोय हो!"

"घालवा म्हटलं ना!" आजी आतून ओरडली.

"आजी, किती ताणाल? चुकलं लेकराचं. माफ करा की." पाळकांनी दाराला खांद्याने धक्का दिला. जुनी कडी निसटली आणि दार उघडलं.

भिंतीला पाठ लावून आजी उभी होती. ग्वांग-सिक डोळे पुसत आत आला. थोरामोठ्यांना करतात तसा त्याने तिला कमरेत वाकून नमस्कार केला. मग तिच्या खांद्यावरून आतल्या खोलीकडे आतुरतेने बघत अदबीने विचारलं,

"काकू, आई कुठे आहे?"