मास्तरांच्या खिशातली भाकरी

हा इंग्रज मास्तर मी वाढलेली मक्याची भाकरी गुपचूप कोटाच्या खिशात घालतो! आमच्या अमेरिकेत, आयोवात शाळामास्तराला गावानं आळीपाळीनं जेवू घालायचं, म्हणून या आठवड्यात तो माझ्या माथी आलाय. इंग्लंडात म्हणे मका डुकरं खातात. म्हणजे माझी भाकरी याच्या शेतावरच्या डुकरांना?

आज शाळा सुटल्यावर त्याच्या मागोमाग गेले. गारपिटीनं त्याच्या शेतातला मका आडवा झालेला, डुकराचा पत्ता नाही. खोपटाच्या दारात त्याची पोटुशी बायको माझी भाकरी कोरडीच खात होती.

मला बघून मास्तर पांढराफटक पडला.

"मागितलं असतं तर जीभ झडली असती का, मास्तर?" मी म्हटलं. "उद्यापासून हिलाही जेवायला आणा. लोणी काही खिशात मावत नाही."